मधल्या पिढीच्या कन्सोलवर जुना गेम किती सुधारतो, हे घरच्या घरी कसे तपासावे

परभणी, लातूर किंवा नांदेडच्या माणसाने आज कन्सोल घ्यायचे ठरवले, तर त्याच्यासमोर नवीकोरी यंत्रे थोडी आणि वापरलेली पुष्कळ येतात, आणि त्या वापरलेल्या यंत्रांत एक पेच हमखास असतो. साधा पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) स्वस्तात मिळत असतो, शेजारीच पीएस ४ प्रो मांडलेला असतो आणि विकणारा सांगतो, ‘प्रो घ्या, सगळे गेम ४के चालतात.’ हे वाक्य अर्धेच खरे आहे. पिढीच्या मध्यावर आलेले कन्सोल स्वतःचे वेगळे गेम घेऊन येत नाही; ते आहेत तेच गेम अधिक चांगले चालवते, आणि किती चांगले चालवते हे त्या गेमचे घोडे मुळात कुठे अडलेले होते यावर ठरते. ते शोधण्याची जी पद्धत मी गेली काही वर्षे वापरतो आहे ती इथे क्रमाने मांडतो. त्यासाठी एक टीव्ही, स्लो मोशनची सोय असलेला फोन, मीटरटेप आणि काही तासांसाठी मित्राचे कन्सोल एवढे साहित्य पुरते; पीएस ४ प्रोच्या बाबतीत तर एकाच यंत्रावरही बरेचसे काम भागते.

आधी कागदावरचे गणित

पहिली पायरी म्हणजे यंत्राचा कोणता भाग किती वाढला आहे हे वेगवेगळे पाहणे. जाहिरातीत एकच मोठा आकडा असतो आणि तो बहुधा ग्राफिक्स चिपचा असतो. २०१३ मध्ये आलेल्या पीएस ४ ची चिप १.८४ टेराफ्लॉप्सची होती (टेराफ्लॉप हे चिपच्या गणिती वेगाचे माप). १० नोव्हेंबर २०१६ रोजी आलेल्या प्रोची ४.२ टेराफ्लॉप्सची आहे, म्हणजे सव्वादोन पटींहून किंचित जास्त. प्रोसेसर मात्र त्याच जॅग्वार जातीचा राहिला. त्याचा वेग १.६ गिगाहर्ट्झवरून २.१३ गिगाहर्ट्झ झाला, म्हणजे एक तृतीयांशाने वाढला. मेमरीचा वेग सेकंदाला १७६ जीबीवरून २१८ जीबी झाला, ही वाढ पाव हिश्शाचीही नाही. मायक्रोसॉफ्टने ७ नोव्हेंबर २०१७ रोजी आणलेल्या एक्सबॉक्स वन एक्सची उडी मोठी होती. मूळ एक्सबॉक्स वनच्या १.३१ टेराफ्लॉप्सवरून ती थेट ६ टेराफ्लॉप्सवर गेली आणि मेमरी ८ जीबीची १२ जीबी झाली. पण तिथेही प्रोसेसर १.७५ वरून २.३ गिगाहर्ट्झवरच आला, म्हणजे पुन्हा साधारण एक तृतीयांश.

विहिरीवर तीन एचपीच्या जागी साडेसात एचपीची मोटार बसवली आणि पाइप दोन इंचीच ठेवला, तर पाणी अडीच पट येत नाही. इथेही तसेच आहे. चित्रातले पिक्सेल, सावल्या, गवत, पाण्यावरची चमक ही कामे ग्राफिक्स चिपची असतात. बाजारातली गर्दी, शत्रूंची हालचाल, कोसळणाऱ्या भिंतींचे तुकडे यांचा हिशेब प्रोसेसर ठेवतो. मधल्या पिढीच्या यंत्रात पहिला भाग दांडगा वाढतो आणि दुसरा जेमतेम. हे मुद्दाम केलेले असते, कारण प्रत्येक गेम साध्या यंत्रावरही चालला पाहिजे, त्याच सेव्ह फाइलने पुढे गेला पाहिजे आणि ऑनलाइन सामन्यात दोन्ही यंत्रांचे खेळाडू एकत्र खेळले पाहिजेत असा दंडक असतो. त्यामुळे गेमचा आतला व्यवहार साध्या प्रोसेसरला झेपेल असाच बांधलेला असतो.

आता पिक्सेल मोजा. १०८०पीच्या (आडवे १९२०, उभे १०८०) एका चित्रात २०,७३,६०० पिक्सेल असतात आणि ४केच्या चित्रात ८२,९४,४००, म्हणजे बरोबर चौपट. सव्वादोन पट ताकदीच्या यंत्राकडून चौपट काम सरळ होत नाही, म्हणून पीएस ४ प्रोसाठी चेकरबोर्ड रेंडरिंगची युक्ती वापरली गेली. दर फ्रेमला, म्हणजे हलत्या दृश्यातल्या प्रत्येक सुट्या चित्राला, बुद्धिबळाच्या पटासारखे निम्मे पिक्सेल नव्याने काढायचे आणि उरलेले मागच्या फ्रेमवरून भरून घ्यायचे, असा तो प्रकार आहे. ‘होरायझन झिरो डॉन’मध्ये ही युक्ती इतकी चांगली साधली आहे की खऱ्या ४केपासून ती वेगळी ओळखणे कठीण जाते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’मध्ये मात्र प्रोवर आडवे १९२० आणि उभे २१६० पिक्सेल काढून चित्र ताणलेले आहे आणि झाडांची पाने, घोड्याची आयाळ यांवर साय धरल्यासारखा पुसटपणा येतो. तोच गेम वन एक्सवर पूर्ण ४केमध्ये चालतो, तर मूळ एक्सबॉक्स वनवर फक्त ८६४पीमध्ये. साधा पीएस ४ धरून चारही यंत्रांवर त्याचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेमची संख्या, ३०च आहे. एवढ्या एका उदाहरणावरूनही ‘४के’ या एकाच शिक्क्याखाली किती वेगवेगळा माल विकला जातो हे कळते.

आपला गेम कोणत्या जातीचा आहे

दुसरी पायरी म्हणजे आपण जे चार-पाच गेम खरोखर खेळतो त्यांची नावे लिहून काढणे. विकणाऱ्याकडची यादी घेऊ नये, आपली घ्यावी. मग प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी तपासाव्यात.

त्या गेमला नव्या यंत्रासाठी वेगळा पॅच, म्हणजे गेममध्ये सुधारणा करणारे अपडेट, आला आहे का, हे आधी पाहावे. पॅच असेल तर फायदा निश्चित असतो, पण त्याचा प्रकार निवडावा लागतो. ‘राइज ऑफ द टूम रेडर’ने प्रोवर तीन पर्याय दिले: चेकरबोर्ड ४के, १०८०पीवर मोकळा सोडलेला फ्रेमरेट आणि १०८०पीवरच अधिक तपशील असलेले चित्र. माझे मत विचाराल तर मारामारीच्या गेममध्ये फ्रेमरेटचा पर्याय घ्यावा आणि निवांत भटकण्याच्या गेममध्ये चित्राचा.

पॅच नसेल, तर तो गेम साध्या यंत्रावर धापा टाकत होता का, हे पाहावे. मार्च २०१७ मध्ये आलेल्या ४.५० क्रमांकाच्या अपडेटने प्रोला बूस्ट मोड दिला. त्यात पॅच नसलेल्या गेमलाही वाढीव वेग मिळतो. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा गेम पॅरिसच्या गर्दीत साध्या पीएस ४ वर पंचविशीत घुटमळत असे. बूस्ट मोडमध्ये तो जवळपास ३० वर स्थिरावतो. एक तृतीयांश वाढलेल्या प्रोसेसरचे हे सरळ फळ आहे. ज्या गेममध्ये रिझोल्यूशन आपोआप कमीजास्त होते, त्यांनाही असाच लाभ मिळतो, कारण नव्या यंत्रावर ते वरच्या टोकाला टिकून राहतात.

पॅचही नाही आणि फ्रेमरेटला कुलूप लावलेले आहे, असा तिसरा प्रकार असतो. ‘ब्लडबोर्न’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. १०८०पी आणि ३० फ्रेम ही मर्यादा गेमच्या आतच घातलेली असल्याने प्रोवर तो मधले झटके थोडे कमी करतो, पण ३० च्या पुढे एक पाऊल टाकत नाही. ‘प्रोवर ब्लडबोर्न ६०ला चालतो’ असे कोणी सांगितले, तर त्या दुकानातून पाय काढलेला बरा.

एक्सबॉक्सवाल्यांसाठी इथे एक वेगळी गंमत आहे. वन एक्सने मोजक्या एक्सबॉक्स ३६० गेमचे रिझोल्यूशन दोन्ही दिशांनी तिप्पट, म्हणजे पिक्सेल नऊपट केले. २०१० चा ‘रेड डेड रिडेम्प्शन’ त्यात आहे आणि जुनी डिस्क घातली तरी तो ४केमध्ये उघडतो. मधल्या पिढीच्या कोणत्याही यंत्राने जुन्या गेमवर केलेला इतका मोठा उपकार मला दुसरा आठवत नाही.

टीव्ही आणि जोडणी

तुलना सुरू करण्याआधी चित्र खरोखर त्या रिझोल्यूशनमध्ये पडद्यावर येते आहे ना, याची खात्री करावी. हे मी स्वतः फसून शिकलो. प्रो घरी आणला तेव्हा मी तो जुन्या होम थिएटरच्या खोक्यातून टीव्हीला जोडला होता. बैठकीत दिवाणावर बसलेले मामा दोन दिवस पाहत होते आणि शेवटी म्हणाले, ‘मला तर काहीच फरक दिसंना गेलाय.’ मी त्यांना पिक्सेलची चौपट समजावून सांगितली. महिनाभराने कळले की त्या खोक्यात एचडीसीपी २.२ (४के चित्र पुढे जाऊ देण्यासाठी लागणारी नक्कलविरोधी सोय) नव्हते, त्यामुळे कन्सोल मुकाट्याने १०८०पीवर उतरले होते. मामांचे डोळे शाबूत होते.

म्हणून तार थेट टीव्हीला जोडावी, कन्सोलच्या सेटिंगमधील ‘व्हिडिओ आउटपुट इन्फॉर्मेशन’ हे पान उघडावे आणि तिथे २१६०पी, म्हणजे ४के, लिहिले आहे का ते वाचावे. टीव्हीच्या मेनूमध्ये त्या एचडीएमआय पोर्टचे वाढीव स्वरूप चालू करावे; वेगवेगळ्या कंपन्या त्याला वेगवेगळी नावे देतात, पण ते कारखान्यातून अनेकदा बंदच येते. गेम मोड लावावा आणि हालचाल मऊ करणारी सोय पूर्ण बंद करावी. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे, कारण ती सोय चालू असेल तर टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम तयार करून घालतो आणि पुढची सगळी मोजणी वाया जाते.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधार आणि रंगांचा पल्ला वाढवणारी सोय, हा प्रोचा गुण म्हणून सांगितला जातो, पण सप्टेंबर २०१६ च्या ४.०० अपडेटने तो साध्या पीएस ४ लाही मिळाला आहे. तुलना करताना तो दोन्हीकडे चालू ठेवावा, नाहीतर दोन्हीकडे बंद.

फ्रेम मोजणे

आता प्रत्येक गेममधल्या तीन जागा ठरवाव्यात: एक गर्दीची, एक झाडाझुडपांची किंवा धुक्याची आणि एक रिकामी. प्रत्येक ठिकाणी सेव्ह करून ठेवावे. पीएस ४ ची सेव्ह फाइल पेनड्राइव्हवर घेता येते आणि दुसऱ्या यंत्रावर आपल्याच खात्याने लॉगिन केले की तिथे उतरवता येते. असे केले म्हणजे दोन्हीकडे तोच वेळ, तेच हवामान आणि तीच गर्दी मिळते.

कन्सोलच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगवर फ्रेमरेट मोजू नये, कारण साधा पीएस ४ सगळे काही ७२०पी आणि ३० फ्रेममध्येच साठवतो. फोन स्टँडवर किंवा पुस्तकांच्या चळतीवर टेकवून टीव्हीसमोर ठेवावा आणि स्लो मोशन २४० फ्रेमवर लावावे. मग एका हाताने कंट्रोलरची काठी हळूहळू एकाच दिशेला ढकलत कॅमेरा गोल फिरवावा आणि दहा सेकंद चित्रीकरण करावे.

नंतर ते चित्रीकरण फोनवर एकेक फ्रेम पुढे सरकवत पाहावे. पडद्यावरचे चित्र चार फ्रेम तसेच राहून पाचव्याला हलले, तर गेम ६० फ्रेमने चालतो आहे. आठ फ्रेम तसेच राहिले तर ३०. मधेच बारा फ्रेमचा थांबा आला, तर गेम तिथे अडखळला असे समजावे. फोनमध्ये १२० चीच सोय असेल तर हे आकडे निम्मे होतात. मी वहीच्या पाठकोऱ्या पानावर आडवी ओळ आखून हे आकडे लिहितो: ८, ८, ८, ८, १२, ८. ‘ब्लडबोर्न’ची ओळ मात्र ८, ४, १२, ८, ४, १२ अशी निघाली. सरासरी ३०च येते, पण ४ नंतर १२ असा लंगडा ताल असल्यामुळे तो गेम आकड्यापेक्षा जास्त खडबडीत भासतो. बूस्ट मोड लावूनही हा ताल सरळ होत नाही, कारण दोष ताकदीचा नसून फ्रेम वाटण्याच्या रीतीचा आहे. ही एक गोष्ट कागदावर उतरलेली पाहिली आणि त्यानंतर नुसत्या सरासरी फ्रेमरेटवर माझा भरवसा राहिला नाही.

ज्यांच्याकडे फक्त प्रो आहे त्यांनी सिस्टीमच्या सेटिंगमध्ये जाऊन बूस्ट मोड बंद करावा, गेम पुन्हा सुरू करावा आणि हीच मोजणी करावी. पॅच नसलेला गेम तेव्हा साध्या पीएस ४ सारखाच वागतो, म्हणून दुसरे यंत्र शोधण्याची गरज उरत नाही.

गेम प्रोसेसरपाशी अडतो की ग्राफिक्सपाशी, हेही याच मोजणीतून कळते. ज्या गेममध्ये चित्राचा आणि वेगाचा असे दोन पर्याय आहेत, त्यात गर्दीच्या जागी उभे राहून दोन्ही पर्यायांत मोजावे. वेगाचा पर्याय लावूनही थांबे तेवढेच राहिले, तर अडचण प्रोसेसरची आहे आणि अशा गेमसाठी मधल्या पिढीच्या यंत्रावर पैसे घालणे मला पटत नाही.

चित्राचा फरक आणि दिवाणापासूनचे अंतर

इथे मीटरटेप लागतो. निरोगी डोळ्याला साधारण अंशाच्या साठाव्या भागाएवढ्या कोनातले तपशील वेगळे दिसतात. त्या हिशेबाने ४३ इंची टीव्हीवर १०८०पीचे पिक्सेल साडेपाच फुटांच्या पुढे वेगळे ओळखू येत नाहीत. ५५ इंचीसाठी ही हद्द सात फुटांच्या आसपास आणि ६५ इंचीसाठी साडेआठ फुटांच्या आसपास येते. आमच्याकडच्या बैठकीत टीव्ही एका भिंतीवर आणि दिवाण समोरच्या भिंतीला, म्हणजे अंतर सहज नऊ-दहा फूट असते. तिथून ४३ इंची पडद्यावर ४केचा निव्वळ रेखीवपणा दिसत नाही आणि तो दिसतो असे म्हणणाऱ्याला खोक्यावरचा शिक्का दिसत असतो.

तरीही फरक शून्य होत नाही. तारा, जाळ्या, कौलांच्या कडा, लांबवरचे गवत अशा बारीक गोष्टी कमी रिझोल्यूशनमध्ये हलताना लुकलुकतात, आणि ही लुकलुक दहा फुटांवरूनही डोळ्याला खुपते. म्हणून चित्र तपासताना स्थिर दृश्य पाहू नये. कुंपणाच्या तारेसमोरून आडवे चालत जावे. वन एक्स सर्व जुन्या गेममध्ये पृष्ठभागांचे फिल्टरिंग आपोआप वरच्या दर्जाचे करते, त्यामुळे लांबवर जाणारा रस्ता किंवा फरशी पॅच नसतानाही स्वच्छ दिसते. टीव्ही १०८०पीचाच असेल तर प्रोच्या सेटिंगमध्ये सुपरसॅम्पलिंग मोड चालू करावा. मार्च २०१८ च्या ५.५० अपडेटने आलेली ही सोय मोठे चित्र काढून ते लहान पडद्यावर बसवते, त्यामुळे जुन्या टीव्हीवरही कडा शांत होतात.

लोडिंग, उष्णता आणि डाउनलोड

लोडिंगसाठी घड्याळ लावून एकच सेव्ह तीनदा उघडावी. साध्या पीएस ४ मध्ये एसएसडी (हार्डडिस्कपेक्षा जलद साठवण) बसवली तर मूळ हार्डडिस्कवाल्या प्रोपेक्षा ते अनेक गेम लवकर उघडते, त्यामुळे केवळ लोडिंगसाठी यंत्र बदलू नये.

उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि काळ्या मातीची बारीक धूळ दारे लावली तरी घरात येते. पीएस ४ आणि प्रो यांचा वेग ठरलेला असतो, त्यामुळे मे महिन्यातही फ्रेमची मोजणी डिसेंबरसारखीच निघते. वाढतो तो पंख्याचा आवाज, आणि फारच तापले तर यंत्र बंद पडते. प्रोचे सुरुवातीचे नमुने आवाजाला कुप्रसिद्ध आहेत, म्हणून खालच्या स्टिकरवर सीयूएच-७२०० ने सुरू होणारा क्रमांक असेल तर ते यंत्र आधी पाहावे. ती प्रोच्या तीन आवृत्त्यांतली शेवटची आणि शांत आवृत्ती आहे.

पॅच हा डिस्कमध्ये नसतो, तो उतरवावा लागतो. मोबाइलच्या रोजच्या दोन जीबीवर भागवणाऱ्याला पन्नास जीबीचे अपडेट म्हणजे पंचवीस दिवसांचे काम आहे. ते चालू असताना लाइट जाणार असेल तर कन्सोल इन्व्हर्टरच्या ओळीवर घ्यावे.

पीएस ५ प्रोबद्दल

७ नोव्हेंबर २०२४ रोजी पीएस ५ प्रो जगात विक्रीला आला तेव्हा भारत वगळला गेला, कारण त्याच्या वाय-फाय ७ ला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे तेव्हा खुला नव्हता. ज्यांनी तो बाहेरून मागवला त्यांनी इथल्या वॉरंटीचा हिशेब धरू नये. त्याचे गणित मागच्या पिढीसारखेच आहे: संगणन एकके ३६ वरून ६० झाली, सोनीच्या सांगण्याप्रमाणे रेंडरिंग ४५ टक्क्यांपर्यंत जलद झाले आणि प्रोसेसर मात्र जवळपास तोच राहिला. चेकरबोर्डची जागा मशीन लर्निंगने लहान चित्र मोठे करणाऱ्या पीएसएसआरने घेतली आहे.

त्याचा सर्वात स्पष्ट लाभ ‘फायनल फँटसी ७ रीबर्थ’मध्ये दिसतो, कारण साध्या पीएस ५ वर त्याचा ६० फ्रेमचा पर्याय फारच पुसट होता आणि प्रोवर तोच वेग रेखीव चित्रासह मिळतो. ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २ रीमास्टर्ड’ १४४०पीवर काढलेले चित्र ४केपर्यंत नेऊन ६० फ्रेम राखते. उलट ‘सायलेंट हिल २’मध्ये सुरुवातीच्या पॅचनंतर पीएसएसआरमुळेच झाडीत लुकलुक वाढली होती, म्हणून पॅच आला एवढ्यावर समाधान मानू नये, तो पडद्यावर पाहावा. ‘ड्रॅगन्स डॉग्मा २’चे शहर गर्दीच्या हिशेबात अडते, तिथे प्रो थोडीच मदत करतो.

‘एल्डन रिंग’बाबत एक फुकटचा उपाय आहे. साध्या पीएस ५ वर या गेमची पीएस ५ आवृत्ती वेगाच्या पर्यायातही ६० च्या खाली घसरते, पण त्याच यंत्रावर पीएस ४ ची आवृत्ती चालवली तर ती जवळपास सतत ६० राखते. गवत थोडे विरळ होते, एवढेच. फोनवर मोजलेली ओळ दोन्ही आवृत्त्यांसाठी एकाखाली एक लिहून पाहावी. नवे यंत्र घेण्याचा बेत तिथेच काही महिने पुढे ढकलला जाण्याची शक्यता बरीच आहे.

जुने यंत्र घेताना ही सगळी मोजणी विकणाऱ्याच्या घरी करणे शक्य नसते. अशा वेळी आपली सर्वात जड डिस्क आणि पेनड्राइव्ह सोबत न्यावी, गर्दीच्या जागेवर गेम अर्धा तास चालू ठेवावा, पंख्याचा आवाज ऐकावा, व्हिडिओ आउटपुटचे पान उघडून वाचावे आणि डिस्क दोनदा बाहेर काढून घालून पाहावी. तेवढा वेळ द्यायला विकणारा तयार नसेल, तर पैसे खिशातच ठेवून परतीची एसटी धरावी.